दोन मामांचं जावळ

आबाजीने तिसऱ्यांदा कात्री पुसली आणि बबनरावांकडे बघितलं. बबनराव मटणाच्या पातेल्यांकडे बघू लागले.

भैरोबाच्या देवळासमोरचा मांडव भरला होता. राजगुरुनगरहून जावयाकडची मंडळी दोन गाड्या भरून आली होती, भावकीतली माणसं सकाळपासून चहावर चहा रिचवत होती, आणि ज्याच्या केसांसाठी हा सगळा खटाटोप तो सव्वा वर्षाचा मल्हार झिपऱ्या डोळ्यांवर घेऊन खुर्च्यांखालून रांगत फिरत होता. पाटावर मामाने बसायचं, त्याच्या मांडीवर भाच्याला बसवायचं आणि मग आबाजीने कात्री लावायची. मामाच्या मांडीशिवाय जावळ होत नाही. मामा, म्हणजे बबनरावांचा जयदीप, तर समोरच उभा होता. तरी अडलं होतं, आणि अडवलं होतं खुद्द पोराच्या आईने.

"माझे भाऊ दोन आहेत," अपेक्षाने सांगून टाकलं होतं. "भैरोबाला मी नवसच तसा बोललेय. दोघं आल्याशिवाय माझ्या पोराच्या केसाला कात्री लागणार नाही."

बबनराव काळोख्यांना मुलगा एकच, हे अख्ख्या तळवड्याला माहीत. दुसरा भाऊ म्हणजे बुद्धभूषण. रुपीनगरात राहणारा, जयदीपचा ताथवड्याच्या कॉलेजातला मित्र, आता चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आणि पोरांच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. गेल्या पाच दिवाळ्या तो भाऊबीजेला जयदीपच्या शेजारच्या पाटावर बसत आला होता. अपेक्षा जयदीपला ओवाळायची आणि तेच तबक पुढे नेऊन भूषणलाही. अपेक्षाच्या आईला, सुमनताईंना, ते आवडायचं. बबनरावांनाही नावडायचं नाही. पण भाऊबीज घरात होते आणि जावळ मांडवात, विहिणीच्या डोळ्यांदेखत. नातवाला भूषणच्या मांडीवर बसवलं तर राजगुरुनगरकर काय म्हणतील, याची त्यांना धास्ती होती. कसली धास्ती, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा शब्दांत आणलं नव्हतं. गावात ते कुणीच शब्दांत आणत नाही, फक्त नजरा खाली जातात.

"जयदीपला म्हणावं फोन लाव त्याला," सुमनताई नवऱ्याला म्हणाल्या.

"लावला म्हनतो. उचलत न्हाई."

"मग स्वरूपाला विचारा."

स्वरूपा ही बँडमधली तिसरी. दिवसा तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी आणि एरवी बेस गिटार. बबनरावांनी तिच्याकडे बघताच तिने मान खाली घालून मल्हारला खुर्चीखालून बाहेर काढायचं काम अंगावर घेतलं. तेव्हा बबनरावांच्या लक्षात आलं की पोरं काहीतरी लपवताहेत.

हा बँड त्यांच्याच शेडमध्ये जन्मला होता. पोल्ट्री बुडाल्यावर भाड्याने द्यायला बांधलेल्या चार शेडपैकी मागची रिकामी पडली, आणि कॉलेजातल्या जयदीपने ती सरावासाठी मागितली. आजूबाजूला सगळी प्रेसची वर्कशॉप, धाडधाड असा आवाज की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. फक्त गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, सगळं शांत. म्हणून पोरं गुरुवारी वाजवायची आणि बँडला नावही 'गुरुवार सुट्टी' असंच ठेवलं. नोकऱ्या लागल्या की हे वेड उतरेल, अशी बबनरावांची अटकळ होती. नोकऱ्या लागल्या आणि वेड वाढलं. गाणी मोबाइलवर गेली, पुण्यात कार्यक्रम झाले, मग मुंबईत, हैदराबादेत. आता बंगळुरूच्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं होतं. बबनराव यावर चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. मागची शेड मात्र त्यांनी कुणाला भाड्याने दिली नव्हती.

अपेक्षाने भावाला देवळामागे नेलं. स्वरूपा न बोलावता मागोमाग आली.

"खरं सांग. काय झालंय?"

"तो उचलत नाही, ताई," जयदीप म्हणाला.

"कधीपासून?"

"फ्लेक्सपासून," स्वरूपा म्हणाली. "तू सांगणार नाहीस, मीच सांगते."

बंगळुरूचं बोलावणं आल्याची बातमी जयदीपने घरी सांगितली, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखला होता तो कोंडाजीकाका, बबनरावांचा धाकटा भाऊ. कोंडाजीकाका आनंद पोटात ठेवणारा माणूस नव्हता. त्याने तळवड्याच्या चौकात फ्लेक्स लावला, एवढा मोठा की मागचं मेडिकलचं दुकान दिसेना. मधोमध गिटार घेतलेला जयदीप, खाली 'आमचे लाडके पुतणे, रॉकस्टार जयदीपभैया'. एका बाजूला हात जोडलेला कोंडाजीकाका. भोवतीने भावकी, युवा मंच, व्यायामशाळेची पोरं, दोन माजी पदाधिकारी, आणि खालच्या कोपऱ्यात गुलालाने माखलेला सोन्या, काकाचा बैलगाडा शर्यतीतला बैल.

"सोन्याचा फोटो होता?" अपेक्षाने विचारलं. "आणि भूषणचा?"

"नव्हता. माझाही नव्हता," स्वरूपा म्हणाली. "माझं सोड. तिथे माझा फोटो लागला असता तर आईने मला घरात घेतलं नसतं. पण भूषण आईला घेऊन गेला होता बघायला. याने सांगितलं होतं ना, आपला फ्लेक्स लागलाय म्हणून. मावशी नवं लुगडं नेसून गेल्या. चौकात उभ्या राहून एकेक चेहरा बघत होत्या. मग म्हणाल्या, तू कुठं हाईस रे यात?"

अपेक्षा भावाकडे वळली.

"तू काय केलंस?" तिने जयदीपला विचारलं.

"मी त्याला म्हटलं, सोड ना राव, काका आहेत."

"आणि फ्लेक्स?"

"महापालिकेची गाडी आली तेव्हा उतरला."

"तोपर्यंत लटकत होता. त्याच्या कंपनीची बस रोज त्याच चौकातून जाते, जयदीप," अपेक्षा म्हणाली.

"माहितीये."

"माहितीये म्हणे."

"ताई, उद्या सकाळी बंगळुरूला कळवायचंय, येतोय की नाही ते," जयदीपचा आवाज खाली गेला. "तो नसेल तर बँड नाही. शब्द त्याचे, ठेका त्याचा. मी नुसता गातो. तीन आठवडे मी घरात खोटं बोलतोय की सराव चालू आहे. शेडमध्ये जाऊन एकटा बसतो आणि परत येतो. बँड संपलाय बहुतेक, आणि मला दुसरं काही करावंसं वाटत नाही."

अपेक्षाला भावाचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. भूषण येत नाही तो आपल्या सासरच्यांना बिचकून, असं तिला कालपासून वाटत होतं. तसं असतं तर तिच्या हातात काहीच नव्हतं. हे निदान निस्तरता येण्यासारखं होतं.

"आज गेटवर काय लावलंय ते बघितलंस?" ती म्हणाली.

जयदीपने बघितलं होतं. गेटवर चि. मल्हारच्या जावळानिमित्त स्वागताचा फ्लेक्स होता. रॉकस्टार मामा, हात जोडलेला काका आणि सोन्या. चौकातल्याच फ्लेक्समध्ये वरचा मजकूर तेवढा बदलला होता.

"समजा भूषण मन मोठं करून आत्ता आला," अपेक्षा म्हणाली, "तर आधी ते बघेल. मग काय करेल ते तूच सांग."

जयदीप मांडवात परतला तेव्हा काका माइक धरून पाहुण्यांचं स्वागत करत होता. जयदीपने आबाजीकडे कात्री मागितली. ही देवाच्या कामाची आहे म्हणून आबाजीने साफ नकार दिला. मग तो आचाऱ्याकडून सुरी घेऊन गेटकडे गेला, डेकोरेशनवाल्याची शिडी लावली आणि वर चढला.

"राजगुरुनगरहून आलेल्या समद्या पै-पावन्यांचं काळोखे परिवारातर्फे हार्दिक, हार्दिक," काका माइकवर म्हणाला आणि थांबला. "आरं कोन त्यो वर? जयदीप? काय करतोय रं?"

सगळ्या मांडवाने माना वळवल्या. जयदीपने वरच्या कोपऱ्याची सुतळी कापली. फ्लेक्स अर्धा दुमडला आणि काकाच्या छापील चेहऱ्यावर पुतण्याची छापील गिटार येऊन पडली. त्याने दुसरी सुतळी कापली. खाली उतरून सगळं गुंडाळलं आणि बांबूला टेकवून ठेवलं. आजवर त्याने काकाला उलट उत्तरसुद्धा दिलं नव्हतं.

काका माइक हातात तसाच घेऊन आला. "पावन्यांसमोर माझं तोंड उतरवलंस," तो म्हणाला, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं. सुमनताईंनी पुढे होऊन माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

"काका, बँड माझा एकट्याचा नाही, तिघांचा आहे," जयदीप म्हणाला. "भूषण त्याच्या आईला फ्लेक्स दाखवायला घेऊन गेला होता. त्याचा फोटो कुठेच नव्हता."

"मला काय ठावं? प्रिंटवाल्याला म्या एवढंच म्हनलो, आपली मानसं टाक समदी."

"त्यात बैल आला, काका. भूषण नाही आला."

कोंडाजीकाका बांबूला टेकवलेल्या गुंडाळीकडे बघू लागला. भावकीतला कुणीतरी म्हणाला की आता पाहुण्यांदेखत हा विषय नको. दुसऱ्याने मामा सख्खा आहे ना, मग बसवा की त्याला आणि उरका, असं सुचवलं. अपेक्षा पाटाशेजारी मल्हारला कडेवर घेऊन उभी राहिली, म्हणजे उरकायचा प्रश्न नव्हता. बबनरावांना जे टाळायचं होतं ते आता मांडवाच्या मधोमध येऊन बसलं होतं. ते चोरून विहीणबाईंकडे बघत होते. विहीणबाई उठल्या.

"आमच्याकडं मामा रुसला तर त्याला आनायला घरचा थोरला जातो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं काय रीत हाय?"

"तीच हाय," बबनराव म्हणाले.

"मंग हुबं कशाला ऱ्हायलाय? नवस सुनंनं बोललाय, मामा तिनं मानलाय. आमच्या नातवाला दोन मामांचं दोन जोड कपडं येत्याल, त्यात आमचं काय जातंय?"

मांडवात हसू पसरलं. बबनरावांनी फेटा सारखा केला. चार दिवस जिची धास्ती घेऊन ते झोपले नव्हते, त्या बाईने ती दोन वाक्यांत मिटवली होती. त्यांना विहीणबाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते रीतीत बसत नव्हतं. ते गाडीकडे निघाले.

"दादा, म्या बी येतो," कोंडाजी मागून म्हणाला.

काकाची मोठी गाडी रुपीनगरच्या गल्लीत शिरेना. ती कोपऱ्यावर लावून तिघं चालत गेले. पुढे जयदीप, मागे बबनराव आणि शेवटी कोंडाजी, हातात सत्कारासाठी आणलेले टॉवेल, टोपी आणि नारळ. लोक बघत होते. कोंडाजी या गल्लीतून पुष्कळदा हिंडला होता, हात जोडत, पन्नास माणसं बरोबर घेऊन. आज त्याला कुणाला काय म्हणावं ते सुचत नव्हतं.

दार भूषणनेच उघडलं. त्याने तिघांकडे बघितलं, मग टॉवेल-टोपीकडे, आणि बाजूला झाला.

"या, आण्णा. बसा, काका." जयदीपला तो काहीच म्हणाला नाही.

त्याची आई, पंचफुलाबाई, पाणी घेऊन आली. परभणीकडून येऊन तिला वीस वर्षं झाली होती. "लेकराचं जावळ झालं का?" तिने विचारलं.

"तुमच्या लेकाबिगर व्हत न्हाई म्हनत्यात," बबनराव म्हणाले. "न्यायला आलोय."

कोंडाजी उठून उभा राहिला. सत्कार त्याने शेकड्याने केले होते, पण आज टोपी हातात नीट बसेना. "पोरा, चुकलं माझं. ह्ये घे."

"ठेवा काका तिथे," भूषण म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तर फोटो कसा टाकणार? एक विचारू? आमचं एक तरी गाणं ऐकलंय तुम्ही?"

माइकवर कोंडाजी वाट्टेल ते बोलू शकला असता. इथे त्याला खोटं बोलता आलं नाही. "न्हाई," तो म्हणाला.

"आण्णा, तुम्ही?" त्याने बबनरावांना विचारलं.

"शेडचा पत्रा थरथरताना ऐकलाय."

"मला समदी पाठ हाईत," पंचफुलाबाई म्हणाली आणि रिकामे पेले घेऊन आत गेली.

पाच वर्षं ज्याचं कौतुक केलं त्याचा एक सूरही आपल्या कानावर पडलेला नाही, हे कोंडाजीला आज पहिल्यांदा उमगलं. पुतण्याचा फोटो मोठा करताना त्याला वाटलं होतं, याहून जास्त माया ती काय करायची. आता त्याला ओशाळल्यासारखं झालं आणि त्याने टोपी मांडीवर ठेवली.

"राग माझ्यावर आहे ना?" जयदीप म्हणाला.

"हो."

"मी पहिल्याच दिवशी उतरवायला हवा होता तो फ्लेक्स. काकांना वाईट वाटेल म्हणून नाही उतरवला, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही." तो थांबला. "मला आवडला होता. गाडीवरून जाताना मी वर बघायचो. एवढा मोठा मी. तू त्यात नाहीस हे मला दिसलं होतं, भूषण. तरी आवडला होता."

बबनरावांना आपल्या मुलाची लाज वाटली आणि पाठोपाठ, का कोण जाणे, अभिमानही वाटला.

"हे तीन आठवड्यांपूर्वी बोलला असतास तर बरं झालं असतं," भूषण म्हणाला.

"आज उतरवला. गेटवर परत तोच लावला होता."

"काकांच्या देखत?"

"माझं तोंड दुमडून," कोंडाजी म्हणाला.

भूषणच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. तो आतून एक पिशवी घेऊन आला. "आईने मल्हारला कपडे घेऊन ठेवलेत. मी यायचं नाही म्हटलं तरी तिने घेतले. चला. ताईने बोलावलंय, तिला मी नाही म्हणणार नाही."

"आणि बँड?" जयदीपने विचारलं.

"ते आत्ता विचारू नकोस."

पंचफुलाबाई तेच नवं लुगडं नेसून बाहेर आली. कोंडाजीने तिची पिशवी घेतली आणि गल्लीतून गाडीपर्यंत तो तिच्या पुढे वाट करत चालला.

दोन पाट जवळजवळ मांडले. मल्हारचं बूड जयदीपच्या मांडीवर आणि पाय भूषणच्या मांडीवर, अशी वाटणी झाली. त्याने दोन्ही मामांना सारख्याच लाथा घातल्या आणि आबाजीची कात्री वाजताच मांडव डोक्यावर घेतला. पहिली बट विहीणबाईंनी नव्या कापडात झेलली. अपेक्षा हसत होती आणि डोळे पुसत होती. सुमनताईंनी पंचफुलाबाईला हाताला धरून पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. जावई समर्थ हा स्वभावानेच कमी बोलणारा, तो फक्त म्हणाला, "सुटलो." सगळ्यांच्याच मनात तेवढंच होतं.

जयदीप मात्र सुटला नव्हता. भाच्याचे हात धरून तो शेजारी बघत होता, आणि भूषण सगळ्यांशी बोलत होता, त्याच्याशी सोडून. जावळ झालं की हा आईला घेऊन जाईल. उद्या सकाळी बंगळुरूला नाही म्हणून कळवायचं, आणि मग गुरुवारी काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. वस्तरा फिरून मल्हारचं डोकं गुळगुळीत झालं, हळदीचं बोट लागलं, लोक पंगतीकडे वळू लागले.

तेवढ्यात कोंडाजीकाका भूषणच्या कानाशी वाकला. "आडनाव काय रं तुझं?"

"खंदारे."

काकाने माइक घेतला. "जरा थांबा मंडळी. जेवन कुटं पळून जात न्हाई. आपल्यात गुरुवार सुट्टी बँडचे तिघं हजर हायेत. बुद्धभूषण खंदारे, स्वरूपाताई आन आमचा जयदीप. एक गानं होऊ द्या. म्या अजून ऐकल्यालं न्हाई."

जयदीपची गिटार गाडीत होती. स्वरूपाकडे काही नव्हतं, ती टाळ्या धरायला उभी राहिली. भूषण क्षणभर जागेवरच बसून राहिला. मग उठला, आचाऱ्यामागचं रिकामं निळं पिंप आणलं, उलटं केलं आणि मांडी घालून समोर बसला.

"कुठलं?" जयदीपने विचारलं.

"नवीन आहे. पहिलं कडवं मी म्हणतो. तू नुसती साथ दे."

पिंपावर ठेका सुरू झाला, बस खड्ड्यांतून जावी तसा, आणि भूषण आपल्या जाड आवाजात गाऊ लागला.

*चौकात माझ्या बैल हसतो बारा फुटांवरून,*
*बस माझी रोज जाते, भावा, त्याच्या पायाखालून.*
*बैला, तुझ्या शिंगांना गुलाल, गळ्यामधे हार,*
*एवढा मोठा झालास, मला ओळख देशील का यार?*

सगळ्यांनी कोंडाजीकाकाकडे बघितलं. काकाचा चेहरा लाल होत गेला. सुमनताईंनी डोळे मिटून घेतले. मग काकाचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो खो खो हसू लागला. "आरं, ह्यो तर आपला सोन्याच की," तो म्हणाला, आणि राजगुरुनगरपासून तळवड्यापर्यंतची सगळी माणसं एकदम हसली. बबनरावांनी फेटा काढून घाम पुसला. पंचफुलाबाईही हसत होती.

ठेका थांबला नव्हता. भूषण वाजवता वाजवता जयदीपकडे झुकला.

"दुसरं कडवं तुझं आहे."

"मला कुठे येतंय?"

"सांगतो. ऐक." त्याने ओळ हलक्या आवाजात म्हणायला घेतली. अर्ध्यावर त्याचा आवाज फाटला. तो थांबला आणि बोटाने वर दाखवलं. "तिथे जायचं. मला जमत नाही."

त्याला ते कधीच जमत नसे. इतक्या वरच्या पट्टीत तिघांत एकटा जयदीप गायचा. हे कडवं भूषणने स्वतःसाठी लिहिलंच नव्हतं, हे जयदीपला कळलं, आणि गिटारवरचे हात त्याला कसेबसे चालू ठेवावे लागले.

"कधी लिहिलंस?"

"बसमध्ये. चौकातून जाताना."

"फ्लेक्स होता तेव्हा?"

"तेव्हाच ना. गा आता."

स्वरूपाने टाळ्या सोडून फोन काढला, बंगळुरूला येतोय म्हणून कळवून टाकलं आणि परत टाळ्या धरल्या. जयदीपने सूर पकडला. भूषण एकेक ओळ खालून सांगत होता आणि तो ती वर नेत होता.

*खाली उतर रे मित्रा, तिथे वारं लागतं फार,*
*बसमध्ये जागा धरलीय तुझी, उघडं ठेवलंय दार.*

शेवटचा शब्द त्याला गाता आला नाही. भूषणने वर बघितलं नाही. तो पिंपावर तोच ठेका धरून वाजवत राहिला, जयदीपचा आवाज परत येईपर्यंत.